सपाट रेघ

आधीच सांगते, ही गोष्ट मनाने रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत हे घडलंय. शेवटी शेवटी मीही तिथे होते आणि जे ऐकलं ते माझ्या याच दोन कानांनी ऐकलं.

अशा गोष्टींत अमावास्येची रात्र असते, पडकं घर असतं, लांब कुठेतरी कुत्रं रडत असतं. इथे त्यातलं काही नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं साधं घर. मागची खोली. भरदुपार. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारतंय आणि ती हट्टाने सुरू होत नाहीये.

आणि कानाला हेडफोन लावून संगणकासमोर बसलेली माझी ताई.

भूत भेटायला अंधार लागतो, असं मलाही वाटायचं.

ताईला घरात सगळे खारूताई म्हणतात. हे नाव ठेवलं आमच्या मावसभावाने, म्हणजे दादाने. कारण ताई लहानपणापासून खारीसारखी. इथून एक उचल, तिथे नेऊन ठेव, आणि मग विसरून जा. शिवणकाम झालं, गिटार झाली, कुंडीत टोमॅटो लावून झाले. "हिचं सगळं म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस," असं आई म्हणायची. ताई चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. ते दुकान बंद पडलं आणि ताई घरी बसली.

तेव्हा तिने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक आणलं. व्हिडिओ एडिटिंग घरबसल्या, स्वतःचं स्वतः शिका, अशा थाटाचं. व्यावसायिक लोक वापरतात त्या सॉफ्टवेअरवरचं. प्रत्येक धड्याच्या शेवटी सराव.

आम्ही हसलो. पण या वेळी रंग उतरला नाही. ताई रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसायची आणि एकेका धड्याचा फडशा पाडायची.

पुस्तकाचा लेखक वाचकाशी फार लाडाने बोलायचा. त्याचं एक वाक्य ताई आम्हाला वाचून दाखवायची.

"घाबरू नका. तुम्ही कितीही कापाकापी केलीत, तरी मूळ फाइलच्या केसालाही धक्का लागत नाही."

"बघ," आई म्हणायची, "माणसांचंही असं असतं तर किती बरं झालं असतं."

आईला तेव्हा तिची बहीण आठवत असणार.

आईची मोठी बहीण, म्हणजे आमची मावशी, मागच्या खोलीत राहायची. काका गेल्यावर आईने तिला आमच्याकडे आणलं होतं. पुढे तिला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं तुटलं. एक शब्द यायचा, मग मोठी पोकळी, मग पुढचा शब्द. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

दादा तिचा एकुलता एक मुलगा. लांब, दुसऱ्या देशात नोकरीला. काका गेले तेव्हा त्याला पोचायला उशीर झाला. सगळं आटोपल्यावर तो दारात उभा राहिला, बॅग हातात तशीच. आणि मावशी चारचौघांसमोर त्याला म्हणाली, "आता आलास कशाला? परत येऊ नकोस."

तो त्याच पावली परत गेला. आला नाही. तिनेही बोलावलं नाही. खाण तशी माती, दोघंही सारखेच हट्टी.

मावशी खंगत चालली तेव्हा एक दिवस तिने ताईला जवळ बोलावलं.

"खारे... तुझं ते... यंत्र लाव. त्याला... सांगायचंय."

फोनवर बोलायची तिला लाज वाटत होती. तुटक बोलताना तो मध्येच फोन ठेवेल, असं वाटत असेल. म्हणून ताईने कॅमेरा लावला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे छोटासा माइक मावशीच्या शालीला टाचला. खिडकीचा पडदा नीट केला, उजेड तोंडावर येईल असा. आणि मावशी बोलत असताना ताई कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र धूसर होत नाही ना, तेवढंच बघत राहिली.

मावशी बोलली. मध्ये थांबली. खूप वेळ थांबली. पुन्हा बोलली.

झालं.

ताईचा तेव्हा कापण्याचा धडा चालू होता. मुलाखतीतल्या रिकाम्या जागा काढून बोलणं सलग कसं करायचं, ते त्यात होतं. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते. माणूस बोलला की रेघेला डोंगर येतात. गप्प बसला की रेघ सपाट. सपाट भाग निवडा, काढून टाका, पुढचा तुकडा आपोआप सरकून मागच्याला चिकटतो.

ताईला हे इतकं आवडलं की काय सांगू. मावशीचं तुटलेलं बोलणं जोडायचं! तिला वाटलं, आपण मावशीला तिचा जुना आवाज परत देतोय.

बसल्या बैठकीला तिने सगळ्या सपाट जागा काढल्या. ऐकत नव्हती ती, बघत होती. जिथे कान लावायचे तिथे डोळे लावले.

तयार झालेला व्हिडिओ आम्हाला दाखवला तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी सलग बोलत होती! पूर्वीसारखी, ठणठणीत.

"बाळा, मी तुला म्हटलं होतं, येऊ नकोस. इथे सगळे माझं नीट करतात. माझी काळजी करू नकोस. तू सुखात राहा."

थोडं कोरडं वाटलं खरं. पण मावशी मुळातच कोरडी. आम्हाला वाटलं, तिच्या हिशोबाने हेच खूप झालं.

ताईने तो दादाला पाठवला. दादाचं उत्तर आलं, "बघितला. ठीक आहे."

मावशी रोज विचारायची, "बघितला... का त्याने?"

"बघितला मावशी."

"मग?"

"येईल गं," ताई म्हणायची. अंदाजपंचे, तिला बरं वाटावं म्हणून.

मावशीने खोलीचं दार लावू दिलं नाही. कूस बदलून दाराकडे तोंड करून पडायची. शेवटपर्यंत तशीच होती.

दादा आला नाही.

नातेवाइकांनी त्याला काही बोलायचं बाकी ठेवलं नाही. पोटचा पोर असून असा कसा, वगैरे. त्याने कुणाशी वाद घातला नाही. ज्याने ज्याने विचारलं, त्याला त्याला तो व्हिडिओ पाठवून दिला. खाली एकच ओळ. "आईनेच नको म्हटलं होतं."

पुढे बऱ्याच दिवसांनी मागची खोली ताईची झाली. मावशीची खाट काढली आणि त्याच जागी ताईचं टेबल आलं. पुस्तकातला आवाजाचा धडा तिने तिथे बसून उघडला.

क्षीण आवाज कसा उचलायचा, याचा तो धडा होता. सरावाला काहीतरी हवं होतं. मावशीची मूळ फाइल होतीच. ताईला वाटलं, तेवढाच तिचा आवाज ऐकू.

तिने फाइल उघडली. सगळा आवाज वाढवला. खूप वाढवला.

डोंगर मोठे झाले.

आणि जी रेघ सपाट होती...

ती सपाट राहिली नाही.

तिच्यावर बारीक बारीक काटे उठले.

ताईने हेडफोन घट्ट दाबला. आधी नुसता श्वास. शाल माइकला घासल्याचा आवाज. आणि मग ओठांतल्या ओठांत, खोलीत उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाऊ नये इतकं हळू...

"ते... खोटं रे..."

मोठी पोकळी.

"ये."

ताई सांगते, तिला आधी काही वाटलंच नाही. मग तिने तो तुकडा पुन्हा ऐकला.

'मी तुला म्हटलं होतं, येऊ नकोस' याच्या पुढचंच ते होतं. मावशीला सगळ्यात जड गेलेलं. म्हणून सगळ्यात हळू आलेलं. तेवढंच नेमकं ताईने काढून फेकलं होतं, आणि उरलेलं पोराला पाठवलं होतं.

तिने दादासाठी मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला. परत पुसला.

मनाशी म्हणाली, आता सांगून काय होणार? मावशी तर गेली. उलट त्याला जास्तच लागेल. तिने स्वतःची अशी समजूत घातली. पण खरं कारण तिने मला नंतर सांगितलं. "मला भीती वाटली गं. सगळे त्याला बोलतात, ते मला बोलतील."

चोराच्या मनात चांदणं. घरात कुणी मावशीचं नाव काढलं की ताई उठून पाणी प्यायला जायची. आम्हाला वाटलं, मायेनं.

तिने ती फाइल पुन्हा उघडली नाही. कामाला लागली.

पहिलं काम मिळालं आमच्या दातांच्या डॉक्टरचं. दात कसे घासावेत, यावर त्याचा छोटासा व्हिडिओ. डॉक्टर मोठा बोलका, प्लास्टिकचा जबडा हातात घेऊन हास्यविनोद करत होता. ताईने या वेळी एकेक जागा कानाने तपासली. सुरेख व्हिडिओ करून दिला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"व्हिडिओ झकास झालाय. फक्त मध्ये मध्ये ते 'ये' कोण म्हणतंय?"

"काय?"

"बाईचा आवाज आहे. मी जबडा उघडून दाखवतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, ये. पेशंट हसतायत हो. म्हणतात, डॉक्टर, इतक्या प्रेमाने बोलावलंत तरी आम्ही येणार नाही."

ताईही हसली. फोन ठेवला. मग तिला ते 'ये' आठवलं.

तिने व्हिडिओ लावला. डॉक्टर बोलला, थांबला, जबडा उघडला...

"ये."

दुरून नाही. अगदी जवळून. माइक शालीला टाचलेला असावा, तसा.

तिला वाटलं, चुकून मावशीचा तुकडा या कामात आला असेल. सगळे ट्रॅक तपासले. नव्हता. डॉक्टरचा आवाज बंद केला, संगीत बंद केलं. आता काहीच वाजायला नको होतं. पडद्याच्या कडेला आवाज मोजणारी पट्टी असते, आवाज आला की हिरवी होऊन वर चढते.

सगळं बंद होतं.

आणि पट्टी हळूच वर चढली. थोडी थांबली. खाली आली.

ताईने संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ उभी राहिली. आईने विचारलं, "काय गं, भूत बघितल्यासारखी?" ताई म्हणाली, "काही नाही."

नंतर पोहण्याच्या शिक्षकाचं काम आलं. त्यातही तेच. पाण्याचा आवाज, शिट्टी, मुलांचा गोंधळ. आणि सगळे क्षणभर गप्प झाले की...

"ये."

जिथे जिथे माणसं बोलायची थांबत होती, तिथे तिथे मावशी होती.

अखेर एका दुपारी ताईने धीर करून मावशीची मूळ फाइल उघडली. तिला ती जागा पुन्हा ऐकायची होती. खरं तर दादाला पाठवायची होती. आता लपवायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. पुस्तकवाल्याचा शब्द होता ना, मूळ फाइलच्या केसालाही धक्का लागत नाही!

फाइल सुरू झाली. मावशी, शाल, खिडकीचा उजेड.

"बाळा... मी तुला... म्हटलं होतं... येऊ नकोस."

ताईने आवाज वाढवला. आता श्वास येणार. आता शाल घासणार.

काही आलं नाही.

आणखी वाढवला.

पडद्यावर मावशीचे ओठ हलत होते. स्पष्ट हलत होते. आवाज मात्र नव्हता. श्वास नव्हता. खोलीचा आवाजसुद्धा नव्हता. प्रत्येक खोलीला तिची एक बारीक गुणगुण असते, पंख्याची, रस्त्याची. पुस्तकात त्यावर अख्खं पान होतं. इथे तीही नव्हती. रेघ पट्टीने आखल्यासारखी सपाट होती.

तेवढाच भाग कुणीतरी मूळ फाइलमधून काढून नेला होता.

ताई तिथेच रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मी आत गेले. आणि मग तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, हुंदके देत.

माझा विश्वास बसला नाही, हे कबूल करते. मी म्हटलं, "ताई, खाई त्याला खवखवे. तुझ्या मनाला लागलंय, म्हणून तुला ऐकू येतं."

तिने डोळे पुसले. माइक उचलला. टेबलावर ठेवला. बोटाने मला गप्प राहायची खूण केली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

आम्ही दोघी गप्प बसलो. खाली ती स्कूटर कुरकुरत होती. बाकी काही नाही. मी शपथेवर सांगते, खोलीत बाकी काही नव्हतं.

ताईने रेकॉर्डिंग ऐकवलं.

स्कूटर... किक... पुन्हा किक...

"ये."

मी खुर्चीवरून उठले आणि माझा पाय टेबलाला आपटला. त्याची खूण बरेच दिवस राहिली.

आईला सांगावंच लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडेल. ती खाली बसली फक्त. म्हणाली, "पोरी, एवढं पोटात घेऊन जेवत होतीस कशी तू?"

मग दादाला फोन केला. काय काम ते ताईने फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मावशीचं काहीतरी तुला द्यायचं राहिलंय. तुला यायला लागेल."

पलीकडे बराच वेळ शांतता. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्या शांततेत काही ऐकू येतं का, म्हणून.

"येतो," दादा म्हणाला.

तो आला तो एका रविवारी, चारच्या सुमाराला. केस पांढरे झाले होते. मागच्या खोलीत पाऊल टाकताना क्षणभर अडखळला, कारण व्हिडिओत खाट दिसली होती तिथे आता टेबल होतं. आईने पाणी दिलं. त्याने पेला हातात धरून ठेवला.

ताईने त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. "मी कापलं दादा. ऐकलं नाही मी. आणि कळल्यावरही तुला सांगितलं नाही."

त्याने पेला टेबलावर ठेवला. तो एवढंच म्हणाला, "लाव."

त्याने मोठे हेडफोन कानाला लावले. ताईने मूळ फाइल लावली. पडद्यावर मावशी दिसली तशी त्याने मान थोडी पुढे केली. ती जागा आली. तिचे ओठ हलले.

"काही नाही," दादा म्हणाला.

"यातलं गेलंय. थांब, हे ऐक." ताईने डॉक्टरचा व्हिडिओ लावला. डॉक्टर बोलला, थांबला, जबडा उघडला...

"ये."

हेडफोन दादाच्या कानांवर होते. तरी आम्ही ऐकलं. मी दाराशी होते, आई भिंतीजवळ. हेडफोनमधून बाहेर, खोलीभर...

"ये."

आईने तोंडावर हात ठेवला.

दादा पडद्याकडे बघत होता. वाट बघत असलेल्या माणसाचा असतो, तसा त्याचा चेहरा होता. मग त्याने आमच्याकडे बघितलं. आधी माझ्याकडे, मग आईकडे.

"काय झालं? अशा का बघताय?"

"अरे, बोलतेय ती!" आई रडत म्हणाली. "तुला बोलावतेय! येत नाहीये का ऐकू?"

त्याने हेडफोन दाबून धरला. डोळे मिटले. ताईने पोहण्याच्या शिक्षकाचा व्हिडिओ लावला. रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग लावलं. हेडफोन काढायला लावून स्पीकरवर लावलं. आमच्या अंगावर काटा उभा राहत होता, इतकं स्वच्छ ऐकू येत होतं. ये. ये. ये.

"स्कूटर आहे," दादा म्हणाला. "स्कूटर ऐकू येतेय."

तो उठला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

"खारूताई, मला बरं वाटावं म्हणून केलंस ना हे? कळतं मला. पण राहू दे आता. तुझा व्हिडिओ चांगला होता. त्यात जे होतं ते नीट ऐकू येत होतं."

त्याने बॅग घेतली आणि तो निघाला.

जिन्यात त्याची पावलं वाजायला लागली. ताईने सगळं बंद केलं होतं. पडद्यावर काही चालू नव्हतं.

हिरवी पट्टी सरकन वर चढली.

"थांब!"

हळू नाही. ओठांत नाही. हाक मारली.

ताई धावत जिन्यात गेली. मीही मागे. दादा अर्ध्यावर होता. त्याने वर बघितलं.

"काय गं?"

"मावशी म्हणतेय... थांब."

तो क्षणभर उभा राहिला. खरंच राहिला. मान कलती करून त्याने कानोसा घेतला. मग आजारी माणसाकडे बघावं तसं ताईकडे बघितलं. आणि खाली उतरून गेला.

'थांब' हा शब्द मावशी त्या रेकॉर्डिंगमध्ये कधीच म्हणाली नव्हती.

त्यानंतर आवाज गेला. डॉक्टरच्या व्हिडिओतून गेला, शिक्षकाच्या व्हिडिओतून गेला. डॉक्टरने खूश होऊन फोन केला, "दुरुस्ती केलीत वाटतं." ताई हो म्हणाली. ती अजून काम करते, पण माणसांच्या मधल्या रिकाम्या जागा काढत नाही. लोक म्हणतात, तुमचे व्हिडिओ जरा संथ असतात. ती म्हणते, असू देत.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. संध्याकाळ होती. ताईने फोन स्पीकरवर टाकला.

"खारूताई, तू मला पाठवलेला तो आईचा व्हिडिओ आहे ना, त्याचा आवाज गेलाय. चित्र दिसतं. दुसऱ्या फोनवर लावून बघितला, ऑफिसात लावला. इथले लोक म्हणतात, आवाज येतोय. मला येत नाही."

ताईने फोन उचलून जवळ घेतला.

"कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. कान ठीक आहेत म्हणाला." तो थोडा हसला. "अगं, मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. येऊ नकोस म्हणत होती खरी. पण तेवढा तरी होता माझ्याकडे."

मावशीने रागाचे शब्द पोराकडून परत घेतले, की त्याला शिक्षा केली, की शिक्षा ताईला आहे... मला कळत नाही. मी खूप विचार केला. त्या खोलीत मी आता एकटी बसत नाही.

"थांब," ताई त्याला म्हणाली. "इथून ऐकवते."

तिने आमच्या संगणकावर व्हिडिओ लावला. आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन स्पीकरला टेकवून धरला.

मावशी बोलायला लागली. खोली तिच्या आवाजाने भरून गेली. आई आतून धावत आली, इतका मोठा आवाज होता. "बाळा," मावशी म्हणाली. "बाळा, मी तुला म्हटलं होतं..."

व्हिडिओ संपला. ताईने तो पुन्हा लावला. पुन्हा संपला.

फोनमध्ये दादाने घसा खाकरला.

"हं," तो म्हणाला. "लाव ना आता."